विक्रीच्या संघाला तालमीची शिस्त कशी लावावी

पैलवान रोज कुस्ती जिंकत नाही. तो रोज पहाटे जोर-बैठका काढतो आणि वस्तादाच्या नजरेखाली लढत करतो. विक्री विभागात मात्र आपण रोज निकालच विचारतो. म्हणून पहिला बदल नोंदवहीत करावा. महिन्याचे टार्गेट प्रतिनिधीच्या पूर्णपणे हाती नसते. पण ठरलेल्या बीटवरची, म्हणजे नेमून दिलेल्या फेरीच्या मार्गावरची, किती दुकाने त्याने केली, किती ठिकाणी मालाची मांडणी स्वतः पाहिली आणि मागच्या भेटीतली किती तक्रार-कामे पुरी केली, हे त्याच्या हाती असते. रोजचा हिशेब या गोष्टींचा घ्यावा, विक्रीच्या आकड्यांचा आठवड्यातून एकदा.

दुसरे काम म्हणजे सरावासाठी वेळ राखून ठेवणे. बीटवर निघण्यापूर्वी वीस मिनिटे एकाने दुकानदार व्हावे, दुसऱ्याने विक्रेता, आणि ‘जुनाच माल पडून आहे’ किंवा ‘उधारी वाढवून द्या’ अशा एकाच अडचणीवर दोघांनी झुंजावे. दुकानदाराची भूमिका संघातल्या सर्वांत अनुभवी माणसाला द्यावी, कारण सोपा सराव फसवा असतो. रमाकांत आचरेकर सर नेटमध्ये स्टंपवर एक रुपयाचे नाणे ठेवत. सचिन तेंडुलकरला बाद करणाऱ्या गोलंदाजाला ते मिळे, आणि कोणालाच ते जमले नाही तर नाणे सचिनचे होई. सरावातही काहीतरी पणाला लागलेले असावे, हे त्यांना नेमके उमगले होते.

सर्वांत अवघड शिस्त हातचा फटका आवरण्याची. जानेवारी २००४ मध्ये सिडनी कसोटीला उतरण्यापूर्वी सचिन ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूंवर वारंवार बाद होत होता. त्या डावात त्याने आपला लाडका कव्हर ड्राइव्ह जवळजवळ बंद ठेवला आणि ४३६ चेंडूंत नाबाद २४१ धावा केल्या. प्रत्येक विक्रेत्याचाही असा एक फटका असतो. कोणी दुकानदाराने तोंड उघडण्याआधीच सूट देऊन बसतो, तर कोणी महिनाअखेरीला वितरकाच्या गोदामात माल ढकलून आकडा गाठतो आणि पुढच्या महिन्यात त्याच मालाची परतावणी सोसतो. संघप्रमुखाने प्रत्येकाची अशी एकच सवय हेरावी, त्याच्याशी एकांतात बोलावे आणि ती एक महिना पूर्ण बंद ठेवायला सांगावी. त्या महिन्यात आकडा थोडा घसरला, तर त्याची जबाबदारी वरिष्ठांपुढे प्रमुखाने स्वतः घ्यावी. एवढी तयारी नसेल, तर हा प्रयोग सुरूच करू नये.

यासाठी प्रमुखाने कार्यालयातून निघून निदान आठवड्यातून एक दिवस बीटवर जावे. दुकानात त्याने गप्प राहावे, आणि बाहेर पडल्यावर आधी विक्रेत्यालाच विचारावे की भेटीत काय चुकले. बहुतेक वेळा त्याला ते माहीत असते.

वर्षाची आखणीही खेळाडूसारखी, मोठ्या स्पर्धेपासून मागे मोजत करावी. दिवाळी हा मुख्य हंगाम असेल, तर नव्या माणसांची भरती व प्रशिक्षण श्रावणापूर्वी संपवावे, गणपतीत रंगीत तालीम व्हावी आणि दसऱ्यानंतर नवे काहीच शिकवू नये. भाऊबीज उलटली की सर्वांना आळीपाळीने सक्तीची रजा द्यावी, आणि त्या दिवसांत त्यांना फोन करू नये.