‘सर, माणूस किती जी सहन करतो?’ : जी-फोर्सबद्दलच्या या चुका टाळा

नागपूरच्या वायुसेनानगरावर वायुसेनेच्या सूर्यकिरण पथकाची विमानं कसरती करून गेली की पुढचे काही दिवस माझ्याकडे येणारं प्रत्येक पोट्टं हाच प्रश्न विचारतं. (1 जी म्हणजे जमिनीवर जाणवणारं आपलं नेहमीचं वजन, 9 जी म्हणजे त्याच्या नऊपट जोर.) ‘9’ हे उत्तर त्याला कुठल्यातरी व्हिडिओतून आधीच मिळालेलं असतं, माझा फक्त शिक्का हवा असतो. तो मी देत नाही.

एकच आकडा धरून बसणं ही सगळ्यात मोठी चूक. जोर कोणत्या दिशेनं आला आणि किती वेळ टिकला, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही. जॉन पॉल स्टॅप हा अमेरिकी वायुसेनेतला डॉक्टर. 10 डिसेंबर 1954 ला न्यू मेक्सिकोत रुळांवरच्या रॉकेटगाड्यात बसून तो ताशी हजार किलोमीटरच्या वर गेला आणि साधारण 1.4 सेकंदात थांबला. शरीरावर 46.2 जी आले. डोळ्यांत रक्त उतरलं, काही वेळ दिसेनासं झालं. पण गडी वाचला आणि 1999 पर्यंत, वयाच्या 89 व्या वर्षापर्यंत जगला. मग लढाऊ वैमानिकाची 9 जीलाच दमछाक का होते? स्टॅपवरचा जोर छाती-पाठीच्या रेषेत होता आणि क्षणभराचा होता. वैमानिकाच्या अंगातलं रक्त मात्र डोक्याकडून पायांकडे ओढलं जातं, आणि वळण संपेपर्यंत ओढलं जातच राहतं. रशियाच्या सोयूझ यानातले अंतराळवीर पाठीवर आडवे असतात ते याचसाठी.

हिशेब एकदा कागदावर करून बघा. हृदयापासून डोळ्यापर्यंत सुमारे 30 सेंटिमीटर. तेवढ्या उंचीवर रक्त चढवायला दर जीमागे अंदाजे 22 मिलिमीटर पाऱ्याइतका दाब खर्च होतो. हृदयाशी 120 असेल तर साध्या बसण्यात डोळ्यापाशी 98 उरतो, 4 जीला 32, आणि 5 जीला जेमतेम 10. डोळ्याच्या आतला स्वतःचाच दाब 10 ते 20 असतो, म्हणून मेंदूच्या आधी नजर जाते. रंग फिके पडतात, कडेचं दिसत नाही, मग अंधार. (शरीर दाब वाढवून थोडं सावरून घेतं, पण त्याला काही सेकंद लागतात.) या हिशेबात दंडाचा घेर कुठेच येत नाही, हे जिमवाल्यांनी ध्यानात घ्यावं.

आता दुसरी चूक, जिच्यावर माझा खरा राग आहे: व्हिडिओ पाहून ‘जी स्ट्रेनिंग’चा, म्हणजे जी सोसण्यासाठी स्नायू आवळून ठरावीक पद्धतीनं श्वास घेण्याचा, सराव करणं. मागे मानेवाड्याकडच्या एका पोरानं हा उद्योग केला. मे महिना, दुपार, गच्चीवर ऊन मी म्हणत होतं. वजन कमी करायचं म्हणून सकाळपासून पोटात काही नाही. पठ्ठ्यानं श्वास कोंडला, पोट आवळलं आणि चेहरा लाल होईस्तोवर तसाच उभा राहिला. त्याच्या मित्राचा मला फोन, “सर, तो तं पडला ना बाप्पा!” कठड्याच्या आत पडला हे नशीब. हनुवटीला टाके पडले. शुद्धीवर आल्यावर साहेब म्हणतात, “सर, मी तं रोजच करून राहिलो, आजच कसं काय झालं?”

कसं काय म्हणजे? श्वास कोंडून जोर लावला की छातीतला दाब वाढतो आणि हृदयाकडे परत येणारं रक्त अडतं. म्हणून वैमानिक साधारण दर 3 सेकंदांनी झटकन श्वास बदलतात, आणि आधी पाय, मांड्या आवळतात. त्यात नागपूरचं ऊन. कातडीतल्या रक्तवाहिन्या सैलावलेल्या, घामानं पाणी गेलेलं. उन्हानं, तहानेनं, उपासानं, जागरणानं प्रशिक्षित वैमानिकाचीही सहनशक्ती घटते. याची खरी तालीम बंगळुरूच्या एरोस्पेस मेडिसिन संस्थेतल्या सेंट्रिफ्यूजमध्ये (माणसाला गरगर फिरवून जी देणाऱ्या यंत्रात), डॉक्टरांच्या नजरेखाली होते. तिथवर पोचायचं तर आधी परीक्षा पास व्हा. माझ्याकडच्या पोरांना मी मांड्यांचे व्यायाम, भरपूर पाणी आणि वेळेवर झोप एवढंच सांगतो. ऐकताना त्यांची तोंडं वाकडी होतात.

‘जी-सूट (हवेनं फुगून पाय, पोट आवळणारा पोशाख) घातला की झालं’ असंही ऐकतो. नुसत्या सूटनं 1 ते 1.5 जीची भर पडते, बाकीचं अंगमेहनतीनं.

उलट दिशेचा जी लोक विसरतातच. रक्त डोक्याकडे चढलं तर उणे 2-3 जीलाच माणूस बेजार होतो.

‘अंधारी आली की वळण ढिलं सोडू’ हा भरवसाही नको. जी फार झपाट्यानं चढला तर अंधारी न येता थेट शुद्ध जाते. मग साधारण 12 सेकंद बेशुद्धी, त्यापुढे जवळपास तितकाच वेळ गोंधळ. ताशी 900 च्या वेगानं तेवढ्यात विमान 6 किलोमीटर जातं, म्हणजे ढोबळमानानं सोनेगावहून सीताबर्डी, आणि चालवणारं कुणी नाही.

राहता राहिलं फोनमधलं अ‍ॅप. वर्धा रोडवर बाईकनं ‘6 जी घेतले’ म्हणून एकानं स्क्रीनशॉट पाठवला. फोन हँडलला अडकवलेला, खाली गतिरोधक. तो आकडा किती मिलिसेकंद टिकला, असं मी उलट विचारलंय. मेसेजवर निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.