अंगठा चोखण्याची सवय कशी सोडवावी?

अंगठा चोखणारं मूल हट्टी किंवा बिघडलेलं नसतं. पोटात असल्यापासून बाळ अंगठा चोखतं. सोनोग्राफीतही कधीकधी ते दिसतं. झोप आली, कंटाळा आला, भीती वाटली की तोंडात अंगठा घालून ते स्वतःला शांत करतं. बहुतेक मुलं 2 ते 4 वर्षांच्या दरम्यान ही सवय आपणहून सोडतात. म्हणून दीड वर्षाच्या लेकराच्या मागे लागू नका. तिशी-चाळिशीतल्या आपल्यालाही एखादी सवय मोडताना किती जड जातं!

तीन वर्षांनंतरही सवय कायम असेल, तर आधी चार-पाच दिवस नुसतं बघा. अंगठा कधी तोंडात जातो? टीव्हीसमोर? झोपताना? अनोळखी माणसं आली की? हे टिपून ठेवा, कारण उपाय त्यावरच ठरतो. कंटाळ्याने जात असेल तर हाताला काम द्या: ठोकळे, चेंडू, रंग. भीतीने जात असेल तर आधी मुलाला जवळ घ्या, अंगठ्याचं नावही काढू नका.

मग दिवसातली एकच सोपी वेळ निवडा. ‘गोष्ट संपेपर्यंत अंगठा बाहेर, आणि पानं तू उलटायची.’ जमलं की लगेच कौतुक करा, कॅलेंडरवर एक चांदणी चिकटवू द्या. आठवडाभर नीट जमल्यावर दुसरी वेळ घ्या.

रात्र सगळ्यात शेवटी. झोपेत अंगठा नकळत जातो, त्यावरून रागावू नका. कुशीत मऊ खेळणं द्या. मूल राजी असेल तर हातात मोजा घाला. चिकटपट्टी मात्र नको, सुटली तर घशात अडकू शकते.

अंगठ्याला तिखट अजिबात लावू नका. तोच हात डोळ्यांत जातो. हात ओढणं, चारचौघांत लाजवणं यानेही मूल घाबरतं, आणि घाबरलं की पुन्हा अंगठ्याकडेच वळतं.

कायमचे दात साधारण सहाव्या वर्षी येऊ लागतात, त्याआधी सवय सुटलेली बरी. अंगठा नुसता तोंडात ठेवण्यापेक्षा जोराने चोखण्याने दात जास्त पुढे येतात. तसं दिसलं, किंवा तोंड मिटल्यावरही वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये फट राहत असेल, तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा. अंगठा सुजला, त्यात पू झाला तर बालरोगतज्ज्ञांकडे न्या.

घरात नवं बाळ आलं असेल किंवा शाळा नुकतीच सुरू झाली असेल, तर महिनाभर थांबा. सुटलेली सवय आजारपणात परतली तरी तेवढे दिवस राहू द्या. मूल खेळायला लागलं की पुन्हा गोष्टीच्या वेळेपासून सुरुवात करा.