बंब बंद करून सोलर बसवताय? या चुका टाळा

कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडच्या कितीतरी घरांत अजूनही सकाळ आंघोळीचं पाणी तापवणाऱ्या बंबाच्या धुरानं होते. करवंट्या, वाळक्या फांद्या, शेणी, आणि लवकर पेटावं म्हणून दुधाच्या रिकाम्या पिशव्या. हा धूर आधी जातो बंब पेटवणाऱ्या बाईच्या छातीत. प्लास्टिकचा तर आणखी वाईट. म्हणून सोलर वॉटर हीटरचा विचार होतो आणि तो योग्यच आहे. पण अनेक घरांत गच्चीवर सोलर असूनही मागल्या दारी पुन्हा बंब पेटतो आणि दोष उन्हाला दिला जातो. आपल्याकडे हिवाळ्यात ऊन चांगलं असतं. बहुतेक वेळा चुकतो तो टाकीचा हिशेब, नाहीतर पाइप.

टाकीचा हिशेब बंबासारखा धरणं

बंबात जाळ आहे तोवर वरून गार पाणी ओतत राहायचं, खालून कढत पाणी निघत राहतं. दहा पाहुणे आले तरी लाकडं वाढवली की भागलं. सोलरला हे जमत नाही. काल उन्हात जेवढं तापलं, तेवढंच आज सकाळी मिळणार. माणशी 25 ते 30 लिटर धरा. पाच माणसांच्या घरात 100 लिटरची टाकी घेतली की शेवटच्या दोघांची आंघोळ गार पाण्यानं होते, आणि त्या दोघांत बहुधा घरची बाईच असते.

दुसरं, गरम पाणी टाकीच्या वरच्या भागातून निघतं आणि तेवढंच गार पाणी खालून आत येतं. रात्री भांड्यांसाठी 40 लिटर काढलं, तर सकाळसाठी तेवढं गार पाणी टाकीत येऊन बसलेलं असतं. गरम पाण्याची कामं जमतील तितकी सकाळीच उरका.

पाइपकडे दुर्लक्ष

सगळ्यात जास्त तक्रारी इथल्याच असतात, म्हणून जरा सविस्तर. आतून 20 मिलिमीटरच्या पाइपमध्ये दर मीटरला सुमारे 0.3 लिटर पाणी मावतं. गच्चीपासून तळमजल्याच्या न्हाणीपर्यंत 30 मीटर पाइप गेला असेल, तर नळ सोडल्यावर आधी नऊ-साडेनऊ लिटर गार पाणी येणार. लोक ते मोरीत सोडतात आणि ‘सोलर तापत नाही’ म्हणतात. बांधकाम चालू असेल तर टाकी न्हाणीच्या शक्य तितकी वरच बसवून घ्या. पाइप सीपीव्हीसीचा घ्या, साधा पीव्हीसी गरम पाण्याला टिकत नाही. संपूर्ण पाइपवर इन्सुलेशन, म्हणजे उष्णता धरून ठेवणारं आवरण, हवं. प्लंबर उघड्या गच्चीवर ते लावतो आणि भिंतीतला भाग तसाच सोडतो, तेव्हा समोर उभं राहून करून घ्या.

भर दुपारी टाकी तापलेली असूनही नळाला कोमट पाणी येत असेल, तर आधी मिक्सर, म्हणजे गरम-गार पाणी मिसळणारा नळ, तपासा. पुढचा नळ बंद आणि मिक्सरचे दोन्ही बाजूंचे कॉक उघडे राहिले, तर गार पाणी गरमच्या लाइनीत घुसतं. पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला की हे थांबतं.

टाकीवरचा एअर व्हेंट, म्हणजे हवेची उघडी नळी, कधीही बंद करू नका. त्यातून पाणी सांडत असेल तर बूच मारायचं नाही. त्याचं तोंड गार पाण्याच्या टाकीतल्या पातळीपेक्षा वर न्यायचं. व्हेंट बंद असला तर वाफेचा दाब वाढतो, आणि पाणी उतरताना आत हवा न मिळाल्यानं टाकी चेपूही शकते. घरात प्रेशर पंप असेल तर विकत घेतानाच तसं सांगा. काचेच्या नळ्यांचा साधा सोलर तो दाब सोसत नाही.

बोअरचं पाणी

क्षारांचं पाणी असेल तर तांब्याच्या पाइपांचा सपाट पॅनेल थेट लावू नका, आतून क्षार धरून पाइप चोंदतात. काचेच्या नळ्या निदान काढून धुता येतात. मात्र रिकाम्या, उन्हात तापलेल्या नळ्यांत दुपारी गार पाणी सोडलं की काच तडकते. भरायचं ते पहाटे किंवा ऊन उतरल्यावर. साखर कारखान्याजवळ राहत असाल तर गळीत हंगामात चिपाडाची काळी राख नळ्यांवर बसते, ती अधूनमधून पुसावी लागते.

विजेचा बॅकअप सतत चालू ठेवणं

100 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 वर न्यायला साधारण 4.7 युनिट लागतात. टाकीतल्या 2 किलोवॉटच्या विजेच्या कॉइलला त्यासाठी अडीच तास पुरतात. ढगाळ दिवसानंतर पहाटे टायमरवर लावा. दिवसभर चालू राहिली तर उन्हाला तापवायला काही उरतच नाही.

कोकणात, महाबळेश्वरात पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नाही. तिथे उष्णता पंप विचारात घ्या. तो हवेतली उष्णता ओढून एका युनिट विजेत साधारण तीन युनिटांइतकं काम देतो. त्याला बंद कपाटात कोंडू नका, मोकळी हवा हवी.

आणि बंबाच्या जागी गॅस गिझर येत असेल, तर तो बंद न्हाणीच्या आत लावूच नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास, आणि त्यानं न्हाणीघरांत माणसं दगावली आहेत. बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर बसवा, फक्त गरम पाण्याचा पाइप आत घ्या.