बेरियाट्रिक सर्जरीनंतर या चुका टाळा, आणि सपोर्ट ग्रुप सोडू नका

वजन कमी करण्यासाठी जठरावर केलेलं ऑपरेशन, म्हणजे बेरियाट्रिक सर्जरी, होऊन घरी येताना हातात एक फाइल असते. तीत आहाराचा तक्ता असतो, औषधांची यादी असते, पुढच्या तपासणीची तारीख असते. पण सासूबाईंनी प्रेमाने तुपातला शिरा पुढे केला तर काय म्हणायचं, पाचव्या महिन्यात कंगव्यात केसांचा पुंजका आला तर कुणाला दाखवायचा, वजनाचा काटा तीन आठवडे एकाच आकड्यावर बसला तर जेवण आणखी कमी करायचं का, हे फाइलमध्ये सापडत नाही. त्यासाठी आपल्यासारख्याच वाटेने गेलेली माणसं लागतात. माझी स्वतःची बायपास झाली आहे, हृदयाची नव्हे, जठराची, आणि पुण्यात आमच्या सपोर्ट ग्रुपच्या महिन्याच्या बैठकीत नव्याने आलेल्यांशी बोलायचं काम माझ्याकडे असतं. तिथे वर्षानुवर्षं त्याच त्या चुका दिसतात आणि त्यातल्या बऱ्याचशा सहज टाळता येण्यासारख्या असतात, म्हणून हे लिहिते आहे. डोस आणि तपासण्या मात्र तुमचे सर्जन आणि डाएटिशियनच ठरवणार.

"त्रास नाही" म्हणून पुढच्या टप्प्यावर उडी

स्लीव्ह आणि बायपास हे या सर्जरीचे दोन नेहमीचे प्रकार. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात. बायपासमध्ये जठराची वर उरते ती पिशवी जेमतेम 30 मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे, आणि ती थेट आतड्याला जोडतात. आधी पातळ, मग कुस्करलेलं, मग मऊ आणि शेवटी नेहमीचं जेवण, हा क्रम आतली शिवण भरून येण्यासाठी असतो. भूक लागत नाही, दुखत नाही, म्हणून दहाव्या दिवशी पोळीचा तुकडा तोंडात टाकणारे दर महिन्याला भेटतात. बाहेरच्या टाक्यांवरून आतल्या टाक्यांचा अंदाज बांधू नका. ताप, पोटात वाढत जाणारी कळ, डाव्या खांद्यात दुखणं, छातीत धडधड किंवा एका पायाला सूज, यांतलं काहीही दिसलं तर ग्रुपवर विचारत बसायचं नाही. सरळ हॉस्पिटलला फोन करायचा.

पुढे घन जेवण सुरू झालं की घास अडकण्याची तक्रार येते. मऊसूत पोळी, मोकळा भात आणि कोरडं चिकन हे तीन नेहमीचे. छातीत दाब येतो, तोंडाला पाणी सुटतं, उचकी लागते, कुणाचं नाक गळायला लागतं. अशा वेळी लोक घास खाली ढकलायला पाणी पितात आणि त्रास दुप्पट होतो. जेवण तिथेच थांबवा, उठून घरातल्या घरात फेऱ्या मारा, बहुतेक वेळा घास आपोआप उतरतो. पाणीसुद्धा पोटात टिकत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गंमत म्हणजे ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून खाल्ली तर अनेकांना पोळीपेक्षा आधी सोसते.

पानात टाकू नये, हे आपल्यावर लहानपणापासून बिंबवलेलं असतं. इथे ते सोडावं लागतं. शेवटचे दोन घास संपवण्याच्या नादात उलटी होते, हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की नव्या माणसाला मी पहिलं हेच सांगते: वाटी लहान घ्या, वाढतानाच कमी घ्या आणि उरलं तर उरू द्या.

पाण्याचंही तसंच. ताटाशेजारी तांब्या-भांडं ठेवायची सवय मोडायला हवी. जेवताना आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही, बाकी दिवसभर घोट घोट करून दीड ते दोन लिटर. सुरुवातीच्या आठवड्यांत पुन्हा ॲडमिट व्हावं लागण्याचं एक मोठं कारण म्हणजे शरीरातलं पाणी कमी होणं. लघवी गडद होत असेल, उठताना चक्कर येत असेल तर आधी पाणी मोजा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर बाटलीवर खुणा करूनच ठेवा.

वरणाचं पाणी म्हणजे प्रोटीन नव्हे

दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रोटीन, हा आकडा बहुतेकांना पाठ असतो. तो भरतो कशाने, याचा हिशेब मात्र चुकतो. वरण-भात, पोळी-भाजीच्या आपल्या शाकाहारी जेवणात तो सहजासहजी भरत नाही. एका अंड्यात 6 ग्रॅम, 100 ग्रॅम पनीरमध्ये साधारण 18, लहान वाटीभर दह्यात 3 ते 4. वरणाच्या वरचं पातळ पाणी पिऊन "डाळ घेतली" असं होत नाही. तळची घट्ट डाळ घ्या आणि ती आधी खा. भात-पोळी नंतर, जागा उरली तर. आकडा जेवणातून भरत नसेल तर पावडर लागते, पण कोणती आणि किती हे डाएटिशियनला विचारून.

उपास ही खरी अडचण. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार धरणाऱ्यांना "सोडा" म्हणणं मला पटत नाही, श्रद्धेची गोष्ट असते. पण पहिल्या वर्षात निर्जळी नकोच. आणि साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळपास सगळा स्टार्च. दूध, दही, पनीर, थोडं दाण्याचं कूट, राजगिरा यांवर उपास चांगला निभतो.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्याच्या दरम्यान केस गळतात, हेही इथेच सांगते. झपाट्याने वजन उतरल्यावर हे होतं आणि बहुतेकांचे केस परत येतात. महागडी तेलं घेण्याआधी प्रोटीन, लोह आणि जस्त तपासून घ्या.

बरं वाटतंय म्हणून गोळ्या बंद

ही चूक मला सगळ्यांत जास्त काळजीची वाटते, कारण तिचे परिणाम उशिरा दिसतात. बी-12 शरीरात साठवलेलं असतं, साठा हळूहळू संपतो, आणि दोन-तीन वर्षांनी तळपायाला मुंग्या, तोल जाणं, विसरभोळेपणा सुरू होतो. तोवर त्या गोळ्यांचा आणि या मुंग्यांचा संबंध कुणाच्या ध्यानातही येत नाही. शाकाहारी माणसात बी-12 आधीच कमी असतं, मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी चालू असेल तर आणखी कमी. मल्टिव्हिटॅमिन, बी-12, डी, कॅल्शियम आणि लोह हे प्रकरण जन्मभराचं आहे. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, मध्ये दोन तास जाऊ द्या. लोहाच्या गोळीवर चहा तर नाहीच. त्याऐवजी लिंबूपाणी चालेल. बायपासवाल्यांनी कॅल्शियम सायट्रेट आहे का, हे पाकिटावर वाचून घ्यावं.

मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचं उलटं असतं. ऑपरेशननंतर साखर काही दिवसांतच उतरायला लागते. जुनाच डोस चालू ठेवला तर घाम, थरथर, चक्कर. तो कमी करायचा की थांबवायचा, हे डॉक्टरला विचारा. पण विचारा मात्र लगेच.

आता थायामिन, म्हणजे बी-1. याचा साठा शरीरात दोन-तीन आठवड्यांचाच असतो. सतत उलट्या होत असतील तर तो झपाट्याने संपतो, आणि मग डोळ्यांना दोन-दोन दिसणं, चालताना झोकांड्या, बोलण्यात गोंधळ अशी लक्षणं येतात. मेंदूला होणारी ही इजा कायमची ठरू शकते. तालुक्याच्या गावी अशा माणसाला अशक्तपणा म्हणून ग्लुकोजचं सलाइन लावलं जातं, आणि थायामिन न देता ग्लुकोज दिलं तर प्रकृती आणखी बिघडू शकते. म्हणून आमच्या ग्रुपमध्ये प्रत्येकाच्या पाकिटात एक चिठ्ठी असते: कोणती सर्जरी, कधी, सर्जनचा नंबर, आणि खाली मोठ्या अक्षरांत दोन ओळी. "उलट्या होत असल्यास ग्लुकोजआधी थायामिन द्या." "आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक देऊ नका." ही चिठ्ठी घरातल्या दुसऱ्या माणसालाही माहीत असू द्या.

दुसऱ्या ओळीचं कारण असं की या वेदनाशामकांनी, विशेषतः बायपासनंतर, जोडाच्या जागी अल्सर होतो. गुडघेदुखीवर मेडिकलमधून आपण होऊन गोळी आणायची सवय इथे महागात पडते. तंबाखूचंही तेच, आणि त्यात मिश्री आली. "मी तंबाखू खात नाही, नुसती मिश्री लावते" असं सांगणाऱ्या कितीतरी मावश्या भेटतात. मिश्री तंबाखूचीच असते आणि निकोटीन हिरड्यांतूनही रक्तात जातं.

सणाचं ताट

पुरणपोळी, उकडीचे मोदक, उसाचा रस, जिलेबी. जास्त साखर पटकन आतड्यात उतरली की दहा-वीस मिनिटांत पोटात मुरडा, जुलाब, घाम, धडधड होते. यालाच डम्पिंग म्हणतात. बायपासवाल्यांना जास्त, पण स्लीव्हवाल्यांनाही होतं. काहींना एक ते तीन तासांनी साखर खाली जाऊन चक्कर येते, तेव्हा पुन्हा गोड खाल्लं की चक्र सुरूच राहतं. असं वारंवार होत असेल तर सर्जनना सांगा. आग्रह करणाऱ्याला "डॉक्टरांनी सांगितलंय" एवढं पुरतं, लांबलचक खुलासा द्यायला जाऊ नका.

ग्रुपमध्ये होणाऱ्या चुका

पहिली म्हणजे किलोंची बरोबरी. 140 किलोचा तिशीतला मुलगा आणि 95 किलोच्या पंचावन्न वर्षांच्या काकू एकाच आठवड्यात ऑपरेट झाल्या, तर सहा महिन्यांनी त्यांचे आकडे सारखे कसे येतील? उंची, वय, हार्मोन्स, सर्जरीचा प्रकार, सगळंच वेगळं. आणि मध्येच काटा थांबणं अगदी नेहमीचं आहे, पुष्कळांचा तर तिसऱ्या आठवड्यातच थांबतो. त्या काळात जेवण तोडलं तर स्नायू जातात. आमच्या बैठकीत आम्ही किलो विचारत नाही. जिना किती चढता येतो, झोपेत श्वास अडकू नये म्हणून रात्री लावायचं मशीन सुटलं का, बुटाची नाडी वाकून बांधता येते का, हे विचारतो.

दुसरी, दुसऱ्याची चिठ्ठी स्वतःला लावणं. "मला या इंजेक्शनने फरक पडला" असा मेसेज आला की दुपारपर्यंत तिघांनी ते मागवलेलं असतं. ग्रुपमध्ये अनुभव सांगावा, डोस सांगू नये. पावडर विकायला आलेल्याला तर ॲडमिनने त्याच दिवशी बाहेर काढावं. जिथे आजारी माणसं मन मोकळं करतात तिथे दुकान मांडू देणं मला अन्यायाचं वाटतं.

तिसरी, एकट्यानेच येणं. घरातल्यांना एकदा तरी आणा. स्वयंपाक ज्यांच्या हातात आहे त्यांनी ऐकलेलं शंभर पटीने उपयोगी पडतं. नवराबायकोच्या नात्यातही वजन उतरल्यावर खूप उलथापालथ होते. कुणाचा आत्मविश्वास वाढतो, कुणाला त्याचाच धसका बसतो. ऑपरेशन लपवून ठेवायचं की सांगायचं, हा निर्णय सर्वस्वी तुमचा. पण नातेवाईक "शुगर झाली का?", "काही मोठं दुखणं तर नाही ना?" असं विचारणारच, आणि "शॉर्टकट मारला" असंही म्हणणार. त्याचं उत्तर आधी ग्रुपमध्ये बोलून बघा, म्हणजे लग्नाच्या पंगतीत रडू येत नाही.

तरुण मुलींनी आणखी एक लक्षात ठेवावं. वजन उतरलं की पीसीओएसमुळे, म्हणजे अंडाशयाच्या हार्मोन्सच्या तक्रारीमुळे, बंद असलेली पाळी सुरू होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते. पहिले 12 ते 18 महिने गर्भधारणा टाळायला सांगतात, आणि बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबून राहणं बरं नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांशी आधीच बोला.

मनाचं दुखणं लपवणं ही चौथी. पूर्वी ताण आला की खाणं हा आधार होता, तो गेला की जागा रिकामी होते. दारू तिथे शिरते. बायपास किंवा स्लीव्हनंतर ती लवकर आणि जास्त चढते, आणि व्यसन बहुधा दुसऱ्या वर्षापासून डोकं वर काढतं, म्हणजे नेमकं तपासण्यांना जाणं कमी झाल्यावर. उदासी, जगणं नकोसं वाटणं, असं काही असेल तर 14416 या टेली-मानसच्या सरकारी हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं.

वजन परत वाढलं की गायब होणं

बैठकीला लोक सर्वांत जास्त येतात ते पहिल्या वर्षात, कौतुक होत असताना. दीड-दोन वर्षांनी वजन तळाला जातं आणि मग थोडं वर येतं. हे बहुतेकांचं होतं. तेव्हाच माणसं येणं थांबवतात.

आमच्याकडे एक शिक्षिका बऱ्याच काळाने परत आल्या. दाराजवळच्या खुर्चीत बसल्या, ओढणी पोटावर घेऊन. सात किलो वाढले होते. जेवण अजूनही एका लहान वाटीचंच, मग वाढतंय कुठून, हे त्यांना कळत नव्हतं. शेजारच्या मावशींनी विचारलं, "बाई, तास संपल्यावर चार वाजता काय खाता?" स्टाफरूममध्ये चहा आणि डबाभर फरसाण फिरायचं. रोज. चिवडा, शेव, खारी, बिस्किटं चहाबरोबर विरघळून खाली जातात, पिशवी भरतच नाही. डाएटिशियनलाही त्यांनी हे सांगितलं नव्हतं, कारण "जेवणात काय?" एवढंच विचारलं जायचं. त्या चारच्या वेळी आता भाजलेले चणे किंवा उकडलेलं अंडं असतं.

प्रत्येकाचं कारण इतकं सोपं निघत नाही. थायरॉइड, नवी औषधं, झोप, कधी आतल्या रचनेतला बदल, हे सर्जननी बघावं लागतं, गरज पडली तर एंडोस्कोपी करून. सेमाग्लुटाइडसारखी वजन उतरवणारी इंजेक्शनं हाही एक मार्ग आहे, पण तो तुमची सर्जरी माहीत असलेल्या डॉक्टरांकडूनच.

वाढलेलं वजन घेऊन बैठकीला येताना तीन दिवस तोंडात गेलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद, शेवटचे रक्ताचे रिपोर्ट आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा. येऊन कुठल्याही खुर्चीत बसा. काट्यावर कुणी उभं करत नाही.