जागरणाच्या रात्री होल्डम: तीन पत्तीवाल्यांची तयारी

नौपाड्यात आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो आणि जागरणाला पत्ते ठरलेलेच. गेल्या वर्षी पहिल्यांदा टेक्सास होल्डम, म्हणजे पोकरचा एक प्रकार, मांडलं. यंदा तुमच्या घरी मांडणार असाल, तर एवढं आधी जमवून ठेवा.

पत्त्यांचा नवा कॅट आणा. जोकर काढा आणि 52 पानं मोजून घ्या. घरातल्या जुन्या कॅटमधलं एखादं पान हमखास गेलेलं असतं. पैसे अजिबात लावू नका. जांभळी नाक्यावरून चवळी, राजमा आणि चिंचोके आणा. चवळी एकाची, राजमा पाचाचा, चिंचोका पंचवीसचा. माणशी 25 चवळ्या, 10 राजमे, 1 चिंचोका दिला की शंभर होतात. आठ जण एका चटईवर सुखाने बसतात. डीलरची खूण म्हणून कॅरमचा स्ट्रायकर ठेवा; दर डावाला तो डावीकडच्याकडे सरकवायचा.

पानं वाटण्याआधी ‘ब्लाइंड’ हा शब्द नीट सांगा, कारण पहिला घोळ इथेच होतो. तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पानं न बघता चाल. इथला ब्लाइंड आपल्या बूटच्या (डावाआधी सगळे टाकतात त्याच्या) जवळचा, फक्त तो दोघांनीच टाकायचा: स्ट्रायकरच्या डावीकडच्याने एक चवळी, त्याच्या पुढच्याने दोन, हा बिग ब्लाइंड. मग प्रत्येकाला दोन पालथी पानं. बोली बिग ब्लाइंडच्या पुढच्यापासून सुरू होते: कॉल करा (आधीच्याइतकं लावा), रेज करा (वाढवा) नाहीतर पॅक (डाव सोडा). मग मधोमध तीन पानं उताणी, तो फ्लॉप. नंतर एक, टर्न. शेवटचं रिव्हर. प्रत्येक वेळी आधी वरचं एक पान पालथंच बाजूला टाकायचं. या तिन्ही टप्प्यांनंतर पुन्हा बोली, पण आता सुरुवात स्ट्रायकरच्या डावीकडून. कोणी काही लावलं नसेल तर चेक म्हणून पुढे जाता येतं. आपली दोन आणि मधली पाच मिळून सात पानांतली सर्वांत भारी पाच धरायची. हातातली दोन्ही, एक किंवा एकही नाही, कसंही चालतं.

आता पानांचा क्रम मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून भिंतीला चिकटवा: रॉयल फ्लश (एकाच रंगाची दश्शी ते एक्का), स्ट्रेट फ्लश (एकाच रंगाचा सिक्वेन्स), चारी सारखी, फुल हाउस (तीन सारखी आणि एक जोडी), फ्लश (पाचही एकाच रंगाची), स्ट्रेट (पाच पानांचा सिक्वेन्स), तीन सारखी, दोन जोड्या, एक जोडी, मग नुसतं मोठं पान. यात फ्लशखाली, म्हणजे आपल्या कलरखाली, लाल रेघ मारा. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला मारतो, इथे कलर सिक्वेन्सला. हे कोणाच्या मनात आलं म्हणून नाही. तीन पानांत कलर 1,096 प्रकारे जमतो आणि सिक्वेन्स 720 प्रकारे. पाच पानांत कलर 5,108 आणि सिक्वेन्स 10,200. जे दुर्मीळ, ते वरचं. आकडे सांगितले की आमच्याकडचे वाद मिटतात.

गेल्या वर्षी हे आधी सांगितलं नव्हतं. मध्ये बदाम नव्वी, बदाम दश्शी, किलवर गुलाम, इस्पिक दुर्री, बदाम चव्वी. चुलतभावाने राणी आणि अठ्ठी उघडली, सिक्वेन्स. आत्याने ‘घे बाबा’ म्हणत आपली पानं न दाखवताच ढिगात सारली. पिसायला पानं गोळा करताना मी पाहिलं: बदाम राजा, बदाम तिर्री. डाव तिचाच होता. ती काही बोलली नाही, पण पुढचे दोन डाव खेळलीही नाही. मला फार लागलं ते.

म्हणून शोसाठी एक घरचा नियम आधीच ठरवा: शेवटपर्यंत टिकलेल्या प्रत्येकाने पानं उताणी चटईवर ठेवायची, कागदाशी ताडायची, मगच ढिगाला हात. आणि खरा खेळ सुरू करण्यापूर्वी तीन डाव सगळी पानं उघडी ठेवून खेळा, चवळ्या न लावता. पहिला डाव घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला वाटू द्या. यंदा स्ट्रायकर आत्यापुढे ठेवणार आहे.