जोकर, थॅनॉस आणि ऑस्कर : सिनेमावरचा वाद नीट कसा घालावा

सिनेमावेडी मंडळी जमली की वाद दोन जागी हमखास अडकतो. ‘त्या सिनेमाला ऑस्कर दिलंच कसं?’ ही एक जागा, आणि ‘सगळ्यात भारी व्हिलन कोण?’ ही दुसरी. दोन्हींची सरमिसळ झाली की संपलंच. ‘द डार्क नाइट’मध्ये बॅटमॅनचा शत्रू जोकर साकारणाऱ्या हीथ लेजरला ऑस्कर मिळालं, म्हणजे जोकर सर्वश्रेष्ठ खलनायक, असं कुणीतरी ठोकून देतं. अहो, ऑस्कर नटाला मिळतं, पात्राला नाही. म्हणून बैठकीचे सरळ दोन भाग करा: आधी पुरस्कार, मग खलनायक. आठ ते बारा माणसं, दीड तास आणि एक पंच पुरे. पंचाने स्वतःचं मत द्यायचं नाही.

पहिला नियम सालाचा. सिनेमाचं नाव घेताना प्रदर्शनाचं साल सांगायचं, सोहळ्याचं नाही. ‘द डार्क नाइट’ 2008चा, लेजरला मरणोत्तर पुरस्कार 2009च्या सोहळ्यात. आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत हे अंतर आणखी वाढतं. 71वे पुरस्कार ऑगस्ट 2025मध्ये जाहीर झाले, पण ते 2023च्या सिनेमांसाठी होते. ‘ट्वेल्थ फेल’ सर्वोत्कृष्ट ठरला आणि मराठीत ‘श्यामची आई’. सालाचा घोळ झाला की निम्मा वेळ मोबाइलवर शोधण्यात जातो.

दुसरा नियम: पुरस्कार कोण देतं आणि कसा, हे आधी सांगायचं. राष्ट्रीय पुरस्कार ज्युरी ठरवते. ऑस्करच्या अंतिम फेरीत ते देणाऱ्या संस्थेचे, म्हणजे अकादमीचे सदस्य मतं देतात. अभिनयासाठी ज्याला सर्वाधिक मतं, तो जिंकला. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी मात्र पसंतीक्रम लावावा लागतो. ही पद्धत 2010च्या सोहळ्यापासून, नामांकनं पाचाची दहा केल्यावर आली. आदल्या वर्षी ‘द डार्क नाइट’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकन न मिळाल्याची ओरड त्यामागे होती, असं सर्रास मानलं जातं.

पसंतीक्रम तोंडी समजावत बसू नका, चिठ्ठ्या टाकून दाखवा. 2024चे चार सिनेमे घ्या: ‘अनोरा’, ‘द ब्रुटलिस्ट’, ‘कॉन्क्लेव्ह’, ‘विकेड’. अकरा जणांनी प्रत्येकी एका चिठ्ठीवर चौघांना 1 ते 4 क्रमांक द्यायचे. पंच फक्त पहिल्या पसंतीनुसार चिठ्ठ्यांच्या गड्ड्या लावतो. समजा ‘ब्रुटलिस्ट’ 4, ‘अनोरा’ 3, ‘कॉन्क्लेव्ह’ 3, ‘विकेड’ 1 असं आलं. जिंकायला निम्म्याहून जास्त, म्हणजे 6 हवीत. कुणाकडेच नाहीत, तेव्हा तळातला ‘विकेड’ बाद. त्याची चिठ्ठी उघडून दुसरी पसंती पाहायची. ती ‘कॉन्क्लेव्ह’ची निघाली तर झाले 4-3-4. आता ‘अनोरा’ बाद. त्याच्या तीन चिठ्ठ्यांवर पुढची पसंती दोघांची ‘कॉन्क्लेव्ह’ आणि एकाची ‘ब्रुटलिस्ट’ असेल, तर निकाल 6-5. पहिल्या फेरीत पुढे असलेला ‘ब्रुटलिस्ट’ हरला! (ही आकडेमोड खेळापुरती. खऱ्या सोहळ्यात ‘अनोरा’ जिंकला आणि अकादमी मतांचे आकडे कधीच जाहीर करत नाही.)

यात दोन ठिकाणी गडबड होते. काही जण एकाच सिनेमाला क्रमांक देऊन बाकी जागा कोऱ्या ठेवतात. तो सिनेमा बाद झाला की चिठ्ठी वाया जाते आणि बहुमताचा आकडा बदलतो, म्हणून चारही क्रमांक सक्तीचे करा. दुसरी अडचण म्हणजे तळाला बरोबरी. ती कशी सोडवायची, हे चिठ्ठ्या उघडण्याआधी ठरवा. ज्याच्याकडे दुसऱ्या पसंतीची मतं कमी तो बाद, हा घरगुती नियम पुरेसा आहे. नंतर ठरवायला गेलात तर हमरीतुमरी ठरलेली. शिवाय ज्याने सिनेमा पाहिला नाही, त्याला चिठ्ठी द्यायची नाही. अकादमीनेही एप्रिल 2025मध्ये हाच नियम जाहीर केला: ज्या विभागात अंतिम मत द्यायचं, त्यातले सगळे सिनेमे पाहिलेले हवेत.

आता खलनायक. पहिला प्रश्न पंचाने विचारायचा: ‘कुठला?’ मार्व्हलच्या कॉमिकमधला थॅनॉस मृत्यूदेवतेच्या प्रेमापायी निम्मं विश्व मारतो. 2018च्या ‘इन्फिनिटी वॉर’मधला म्हणतो, साधनं अपुरी आहेत, लोकसंख्या निम्मी करा. ‘एक्स-मेन’ कॉमिकमधला मॅग्नेटो 1963मध्ये आला, पण नाझी छळछावणीतून वाचलेला माणूस ही त्याची ओळख 1980च्या दशकात पक्की झाली. जोकर 1940चा, पण ‘आर्थर फ्लेक’ हे नाव 2019च्या सिनेमाचं. नावापुढे माध्यम आणि साल लावल्याशिवाय वाद सुरू करू देऊ नका.

गुण देताना लेखन आणि अभिनय वेगळे धरा, प्रत्येकी दहापैकी. लेखनाचे गुण ठरवायला आमच्या मते एक प्रश्न सगळ्यांत कामाचा: नायक शेवटी खलनायकाचं कुठलं म्हणणं मान्य करतो? ‘ब्लॅक पँथर’मध्ये (2018) खलनायक किलमाँगरचा आक्षेप असा की वाकांडा हा काल्पनिक आफ्रिकी देश जगभरच्या कृष्णवर्णीयांना वाऱ्यावर सोडून लपून बसला. नायक टचाला त्याला हरवतो, पण शेवटी अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये केंद्र उघडून वाकांडाची दारं जगाला मोकळी करतो. म्हणजे खलनायक हरला, त्याचा मुद्दा उरला. इथे आठ-नऊ गुण द्यायला हात आखडू नये. थॅनॉसच्या बाबतीत नायक काहीच मान्य करत नाही. ‘साधनं दुप्पट का केली नाहीत?’ हा प्रश्न त्यात निघणारच. त्याला घड्याळ लावून पाच मिनिटं द्या, नाहीतर बैठक तिथेच संपते.

2019च्या ‘जोकर’ला नायकाने काय मान्य केलं, हा प्रश्न लागूच पडत नाही. तिथे ब्रूस वेन, म्हणजे पुढचा बॅटमॅन, लहान मुलगा आहे आणि कथा आर्थरची. म्हणूनच लेजरला सहायक अभिनेत्याचं आणि वाकीन फिनिक्सला प्रमुख अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. एकाच पात्रासाठी दोन नटांना अभिनयाचं ऑस्कर मिळणं याआधी ‘द गॉडफादर’च्या व्हिटो कॉर्लिओनीबाबत घडलं होतं. गुणपत्रिकेत या जोकरसाठी वेगळा रकाना करा आणि त्याची तुलना थॅनॉसशी न करता व्हिटोशी करायला सांगा.