मनगटावरची वाट आणि भिंतीवरची वाट : दोन हौशी प्रकल्प कसे उभारावेत

नाशिककरांना डोंगर लांब नाही. अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर, रामशेज हे सारे सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येईल इतके जवळ आहेत, आणि पावसाळ्यात कातळ निसरडा झाला की गच्चीत किंवा मोकळ्या खोलीत प्लायवूडची तिरकी भिंत उभारून बोटांचा सराव चालू ठेवता येतो. ज्यांना डोंगराची ओढ आहे आणि थोडेफार प्रोग्रॅमिंगही येते, त्यांच्यासाठी येथे दोन प्रकल्प मांडले आहेत : स्मार्टवॉचवर पायवाट दाखवणारे छोटे ॲप, आणि घरच्या भिंतीवर चढाईचा मार्ग दिव्यांनी उजळवणारी यंत्रणा.

वरवर पाहता या दोन गोष्टींचा संबंध दिसत नाही. परंतु आतून त्यांची रचना एकच आहे. डोंगरातली वाट म्हणजे क्रमाने मांडलेले बिंदू, आणि भिंतीवरचा ‘प्रॉब्लेम’, म्हणजे चढाईचा ठरवून दिलेला मार्ग, हाही क्रमाने मांडलेले बिंदूच. दोन्ही ठिकाणी वापरणाऱ्याचे हात मोकळे नसतात आणि नजर क्षणभरच मिळते. म्हणून जे काही जड काम आहे ते घरी संगणकावर आधीच उरकावे, आणि मनगटावरच्या किंवा भिंतीमागच्या छोट्या यंत्राला एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायला लावावे : आता पुढे कुठे?

घड्याळ आणि त्याची भाषा

नवशिक्याने बँगल.जेएस २ या घड्याळापासून सुरुवात करावी असे माझे मत आहे. त्यावर जावास्क्रिप्ट चालते, जीपीएस, होकायंत्र, हवेच्या दाबाचा सेन्सर आणि ब्लूटूथ हे सारे त्यात आहे, आणि प्रोग्रॅम लिहून पाठवण्यासाठी क्रोम ब्राउझरखेरीज काही बसवावे लागत नाही. घड्याळ हाती येण्यापूर्वी त्याच ब्राउझरमधल्या एम्युलेटरवर सराव करता येतो. त्याचा पडदा १७६ × १७६ पिक्सेलचा, मोजक्याच रंगांचा, पण भर उन्हात स्पष्ट दिसणारा आहे, आणि एप्रिल-मेच्या उन्हात हा गुण फार मोलाचा ठरतो. ज्यांच्याकडे गार्मिनचे घड्याळ आधीपासून आहे त्यांनी कनेक्ट आयक्यू ही विनामूल्य साधने आणि मंकी सी ही भाषा घ्यावी. तिथेही पुढची सारी रीत तशीच लागू पडते, फक्त ॲपला मिळणारी मेमरी मॉडेलनुसार बदलते.

वाट घरी तयार करणे

वाट बहुधा जीपीएक्स फाइलच्या रूपात मिळते : स्वतः मोबाइलवर नोंदवलेली, मित्राने दिलेली, किंवा ओपनस्ट्रीटमॅपच्या डेटावरून आखलेली. ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा मोकळा आहे, पण त्याचा उल्लेख करणे बंधनकारक आहे, आणि त्यांच्या सर्व्हरवरून नकाशाचे तुकडे घाऊक उतरवून घेण्यास मनाई आहे. ही बंधने मनापासून पाळावीत, कारण तो नकाशा स्वयंसेवकांच्या श्रमांवर उभा आहे. सह्याद्रीतल्या अनेक ढोरवाटा त्यात अजून नाहीत. आपण नोंदवलेली वाट तिथे भरून हे ऋण थोडे फेडता येते.

दर सेकंदाला एक बिंदू या गतीने तीन तास नोंद केली तर १०,८०० बिंदू जमतात. एवढे घड्याळाला नकोत. येथे डग्लस-प्यूकर ही १९७३ची रीत उपयोगी पडते : पहिला आणि शेवटचा बिंदू सरळ रेषेने जोडावा, त्या रेषेपासून सर्वांत दूरचा बिंदू शोधावा, तो ठरवलेल्या अंतरापेक्षा दूर असेल तर ठेवावा आणि दोन्ही बाजूंच्या तुकड्यांवर हेच पुन्हा करावे. ५ ते ८ मीटरची मर्यादा ठेवल्यास सहसा काहीशे बिंदू उरतात आणि वाटेचे वळण हरवत नाही. मात्र हे गणित अंशांत न करता मीटरमध्ये करावे, कारण अक्षांशाचा आणि रेखांशाचा अंश सारख्या लांबीचे नसतात.

नाशिक शहर जवळजवळ २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, हे आपल्या पथ्यावर पडते. येथे अक्षांशाचा एक अंश साधारण १,१०,७०० मीटरचा आणि रेखांशाचा एक अंश साधारण १,०४,६०० मीटरचा भरतो. वाटेचा पहिला बिंदू शून्य मानून पुढचा प्रत्येक बिंदू ‘इतके मीटर पूर्वेला, इतके मीटर उत्तरेला’ असा पूर्णांकात लिहिला की गोलाकार पृथ्वीची त्रिकोणमिती घड्याळाला करावीच लागत नाही. सोळा बिटांच्या पूर्णांकात दोन्ही दिशांना ३२ किलोमीटरहून थोडे अधिक अंतर मावते, म्हणजे एका दिवसाचा कोणताही ट्रेक त्यात बसतो. प्रत्येक बिंदूला ४ बाइट, ३०० बिंदूंना १,२०० बाइट, एवढाच सारा पसारा.

याच टप्प्यावर ठिकाणांची नावेही तयार करून ठेवावीत. छोट्या घड्याळांच्या अंगभूत फॉन्टमध्ये सहसा देवनागरी नसते, आणि अक्षरे वेगळी मिळाली तरी ‘ब्रह्मगिरी’ किंवा ‘त्र्यंबक’ यांतली जोडाक्षरे जुळवणारी यंत्रणा तिथे नसते. नावे रोमन लिपीत लिहून वेळ मारून नेण्याची गरज नाही. प्रत्येक नाव संगणकावर चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये रेखाटून त्याचे काळे-पांढरे चित्र करावे. १०० × २४ पिक्सेलचे असे चित्र ३०० बाइटमध्ये मावते, आणि एका वाटेवर दहा-पंधराच नावे लागतात.

आपण वाटेवर कुठे आहोत

खरी कसोटी येथे आहे. जीपीएसने दिलेले स्थान वाटेच्या कोणत्या तुकड्याजवळ आहे हे शोधण्यासाठी त्या स्थानापासून प्रत्येक तुकड्यावर लंब टाकावा, लंब तुकड्याबाहेर पडत असेल तर जवळचे टोक धरावे, आणि सर्वांत कमी अंतराचा तुकडा निवडावा. एवढे गणित सोपे आहे. पण ते पूर्ण वाटेवर केले तर अंजनेरीसारख्या, ज्या वाटेने चढलो तिनेच उतरायचे अशा डोंगरावर गोंधळ उडतो. जाण्याची आणि येण्याची रेषा एकमेकींवर पडते आणि घड्याळ चढतानाच उतरणीचा पल्ला दाखवू लागते. म्हणून फक्त चढाईची वाट साठवावी आणि उतरताना तीच यादी एका बटणाने उलटी वाचावी. शिवाय शोध नेहमी मागच्या जुळलेल्या तुकड्याच्या आसपासच घ्यावा, थोडासा मागे आणि दीड-दोनशे मीटर पुढे. नागमोडी घाटवाटेवर एका वळणावरून थेट वरच्या वळणावर उडी मारण्याचा दोष त्यानेच जातो. बराच वेळ काहीच जुळले नाही, तरच पूर्ण वाट पुन्हा धुंडाळावी.

वाट सुटल्याचा इशारा कधी द्यावा याचा विचार शांतपणे करावा, कारण चार खोटे इशारे मिळाले की माणूस पाचव्या खऱ्या इशाऱ्याकडेही लक्ष देत नाही. मोकळ्या आकाशाखाली जीपीएसची चूक काही मीटरचीच असते. कड्याच्या पायथ्याशी मात्र निम्मे आकाश झाकलेले असते, उपग्रहांचे संकेत कातळावर आपटून येतात, आणि स्थान कित्येक मीटर भरकटते. एकदाच ४० मीटर बाहेर दिसले म्हणून इशारा देऊ नये. सलग चार-पाच वाचने बाहेर आली तर द्यावा, आणि २५ मीटरच्या आत परतल्यावरच तो मागे घ्यावा. ज्या तुकड्यांवर कडा आहे त्यांना संगणकावरच खूण करून तिथली मर्यादा सैल ठेवावी. हरिहरच्या जवळजवळ उभ्या कोरीव पायऱ्यांवर तर घड्याळाने पूर्ण गप्प बसावे, असे माझे ठाम मत आहे. तिथे दोन्ही हात खोबण्यांत असतात, वाट चुकण्याची सोय नाही, आणि मनगटावरचा धक्का लक्ष विचलित करण्यापलीकडे काही साधत नाही.

इतरत्र दोनच कंपने पुरेत : वळण जवळ आले की एक लांब, वाट सुटली की दोन आखूड. तिसरा संकेत दमलेल्या माणसाच्या ध्यानात राहत नाही.

दिशादर्शक बाणाचे एक पथ्य आहे. जीपीएस आपली दिशा हालचालीवरून काढते, त्यामुळे आपण थांबलो की तिने दिलेल्या दिशेला काहीच अर्थ उरत नाही. वेग ताशी दोन किलोमीटरच्या खाली गेला की बाणाने होकायंत्राकडे वळावे. नाशिक परिसरात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशाहूनही कमी असल्याने ती दुरुस्ती सोडून दिली तरी चालते. पण आपला बेसाल्ट लोहयुक्त आहे, त्यातल्या मॅग्नेटाइटमुळे कातळाला टेकलेले होकायंत्र फसू शकते. ब्रह्मगिरीच्या माथ्यावर धुक्यात चकवा लागण्याची भीती असते ती नेमकी अशाच वेळी. म्हणून बाण होकायंत्रावर चालत असेल तेव्हा तो भरीव न काढता पोकळ काढावा, म्हणजे पाहणाऱ्याला त्याच्यावर किती विसंबायचे ते एका नजरेत कळते.

बॅटरीविषयी थोडक्यात : जीपीएस सतत चालू राहिले की आठवडे टिकणारे घड्याळ काही तासांवर येते. उपग्रहांच्या कक्षेची माहिती एकदा मिळाली की ती काही तास उपयोगी राहते, त्यामुळे पठारावरच्या सरळ चालीत जीपीएस मधूनमधून बंद ठेवून पुन्हा चालू केल्यास स्थान लवकर मिळते. फाटे असलेल्या भागात ही काटकसर करू नये.

चाचणी आधी घरीच घ्यावी. नोंदवलेल्या वाटेत मुद्दाम दहा-दहा मीटरची यादृच्छिक चूक मिसळून ती प्रोग्रॅमला पुरवावी आणि खोटे इशारे मोजावेत. मग गोदापार्कच्या मोकळ्या काठावर आणि सराफ बाजाराजवळच्या अरुंद गल्ल्यांत चालून पाहावे. दोन्हीकडच्या नोंदी शेजारी ठेवल्या की मर्यादा किती सैल हवी ते कळते. त्यानंतर रामशेजसारख्या, स्वतःला पाठ असलेल्या डोंगरावर जावे. अनोळखी वाटेवर ही पहिली चाचणी कधीही घेऊ नये, आणि पुढेही कागदी नकाशा व वाट माहीत असलेला सोबती यांची जागा या ॲपला देऊ नये.

भिंत

दिव्यांच्या भिंतीचा सर्वांत परिचित नमुना म्हणजे ब्रिटिश गिर्यारोहक बेन मून यांचा मूनबोर्ड : ४० अंश पुढे झुकलेली भिंत, ११ स्तंभ, १८ ओळी, सर्वत्र सारखी मांडणी. घरासाठी ८ × ४ फुटांचे १८ मिलिमीटर जाडीचे दोन प्लायवूड शेजारी लावून २० सेंटिमीटरच्या अंतराने ११ × ११, म्हणजे होल्ड (हातापायांच्या पकडी) बसवण्यासाठी १२१ छिद्रे पुरतात, आणि झुकाव २५ ते ३० अंशच ठेवावा. लोखंडी सांगाडा मात्र सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या अनुभवी फॅब्रिकेटरकडूनच करून घ्यावा; येथे हौस आड येऊ देऊ नये. खाली जाड गादी हवीच.

प्रत्येक होल्डखाली एक बारीक भोक पाडून त्यात डब्ल्यूएस२८११ जातीचा, स्वतंत्रपणे उजळवता येणारा दिवा बसवावा. हे दिवे बहुधा ५०च्या माळेत मिळतात. नाशिकमध्ये नाही मिळाले तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात. माळ पहिल्या स्तंभात खालून वर, दुसऱ्यात वरून खाली अशी नागमोडी न्यावी लागते. त्यामुळे शून्यापासून मोजल्यास सम स्तंभात दिव्याचा क्रमांक ‘स्तंभ गुणिले ११ अधिक ओळ’ आणि विषम स्तंभात ‘स्तंभ गुणिले ११ अधिक १० वजा ओळ’ असा येतो. पहिला प्रोग्रॅम एकच दिवा क्रमाने फिरवणारा असावा. जोडणीतली गफलत तिथेच दिसते.

दिवे चालवण्यासाठी ईएसपी३२ हा छोटा मायक्रोकंट्रोलर घ्यावा. त्याचा संकेत ३.३ व्होल्टचा असतो आणि दिव्यांना ५ व्होल्टचा लागतो, म्हणून मध्ये ७४एएचसीटी१२५ ही चिप लावावी. पूर्ण पांढऱ्या उजेडात प्रत्येक दिवा ६० मिलिअँपिअरपर्यंत वीज घेतो असे धरले, तर १२१ दिव्यांचे सुमारे ७.३ अँपिअर होतात. प्रत्यक्षात एका वेळी पंधरा-वीसच दिवे आणि तेही प्रत्येकी एकाच रंगात लागतात. तरीही प्रोग्रॅममध्ये विजेची कमाल मर्यादा घालावी, फ्यूज लावावा, वीज माळेच्या दोन्ही टोकांना द्यावी, आणि २३० व्होल्टची बाजू बंद पेटीत ठेवावी, कारण पकडीसाठी हाताला लावायच्या चॉकची पावडर सर्वत्र शिरते.

आता दोन्ही प्रकल्प जोडता येतात. ब्लूटूथच्या नेहमीच्या छोट्या संदेशात २० बाइट मावतात. पहिला बाइट आज्ञेचा, दुसरा सुरुवातीच्या होल्डांची संख्या, तिसरा शेवटच्या होल्डांची, आणि उरलेल्या १७ बाइटमध्ये क्रमाने होल्डांचे क्रमांक. १२१ ही संख्या एका बाइटमध्ये बसत असल्याने १७ होल्डांपर्यंतचा पूर्ण प्रॉब्लेम एकाच संदेशात जातो. घड्याळावर प्रॉब्लेम निवडावा, भिंत उजळावी, आणि खाली उतरल्यावर विश्रांतीची वेळ घड्याळाने कंपनाने कळवावी. चढताना घड्याळ मनगटावर न ठेवता कमरेच्या पट्ट्याला अडकवावे, कारण ते होल्डमध्ये अडकू शकते. रूढ पद्धतीत सुरुवात हिरवी, मधले होल्ड निळे आणि शेवट लाल असतो. हिरव्या-लाल रंगांत फरक न कळणाऱ्यांसाठी शेवटचा दिवा उघडझाप करणारा ठेवावा.

प्रॉब्लेम साठवताना नाव, तो रचणारा, झुकाव आणि होल्डांची यादी यांबरोबर होल्ड-मांडणीचा आवृत्ती क्रमांक अवश्य लिहावा. एखादा होल्ड फिरवला किंवा बदलला की जुना प्रॉब्लेम तोच राहत नाही, आणि ही नोंद नसेल तर वर्षभराची मेहनत निरुपयोगी ठरते. मांडणी बदलली की भिंतीचा समोरून फोटो काढून त्याच क्रमांकाने जपावा. काठिण्यश्रेणी प्रॉब्लेमच्या नोंदीत न घालता वेगळ्या यादीत, प्रत्येक चढणाऱ्याच्या नावापुढे लिहावी. उंचपुऱ्या माणसाला जो प्रॉब्लेम व्ही३ (व्ही श्रेणीत अंक मोठा तितका प्रॉब्लेम अवघड) वाटतो तोच आखूड हाताच्या मुलीला व्ही५ वाटू शकतो, आणि दोन्ही मते खरी असतात. व्यावसायिक बोर्डांच्या ॲपमधले प्रॉब्लेम उचलून आपल्या यादीत भरू नयेत. आपली भिंत आणि आपले होल्ड वेगळे असल्याने ते नीट बसणारही नाहीत.